फुग्याच्या आवाजात सापडलेला घुमट

इस्तंबूलचं हागिया सोफिया इ.स. 537 मध्ये बांधून पूर्ण झालं. आधी चर्च, मग मशीद, पुढे काही काळ संग्रहालय. संग्रहालय असताना तिथे गाण्याला परवानगी नव्हती. मग तिथलं जुनं बायझंटाइन गायन ऐकायचं कसं? 2010 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उपाय शोधला: घुमटाखाली फुगे फोडायचे आणि त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा!

फुग्याचा ‘फट्’ क्षणात संपतो, पण भिंती, खांब आणि घुमटावरून आपटत येणारे त्याचे पडसाद तिथे दहाहून अधिक सेकंद रेंगाळतात. त्या वास्तूची सगळी ओळख त्या पडसादांत असते. गाण्याचे एका सेकंदात हजारो बारीक तुकडे पाडून संगणक प्रत्येक तुकड्याला तेच पडसाद जोडतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. हिशेब किचकट खरा, पण आजच्या संगणकाला तो गाणं चालू असतानाच जमतो. ‘कॅपेला रोमाना’ या गायकवृंदाने असंच, त्या घुमटापासून हजारो किलोमीटर दूर राहून, गायन केलं.

हेडफोनवर ऐकताना आणखी एक गोष्ट साधावी लागते. डावीकडचा आवाज उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोचतो, आणि डोक्याच्या आडोशाने थोडा मंदावतो. हा फरक घातला नाही, तर अख्खा घुमट डोक्याच्या आतच असल्यासारखा वाटतो. शिवाय बाहेरच्या कानाचा आकार ज्याचा त्याचा वेगळा, त्यामुळे सरासरी कानासाठी केलेला हिशेब सगळ्यांना सारखा पटत नाही.