कार्डावरचा एक महिना



अध्यक्षाने नव्या औषधांविषयी बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र जुन्याच गोळीवर बोलणार आहे. पहिलं स्टॅटिन अमेरिकेत १९८७मध्ये मंजूर झालं, तेव्हा आपल्यातले निम्मे जण शाळेत होते.

मागे ओपीडीत साठीतले एक गृहस्थ आले. लकवा, दुसऱ्यांदा. मुलाच्या हातात कापडदुकानाची पिशवी, त्यात सीटीच्या फिल्म, बिलं आणि घड्यांवर फाटत आलेलं डिस्चार्ज कार्ड. कार्डावर क्लोपिडोग्रेल होतं, ‘चालू ठेवणे’. खाली ॲटॉर्वास्टॅटिन ४०, रात्री, आणि पुढे ‘एक महिना’. मुलगा म्हणाला, ‘‘तो कोर्स पूर्ण केला, साहेब. एकही गोळी चुकवली नाही.’’ कार्ड माझ्याच वॉर्डातलं. खाली सही माझी.

फॉलोअपला बोलवायचं म्हणून आपण ‘एक महिना’ लिहितो. घरी त्याचा अर्थ मलेरियाच्या गोळ्यांसारखा लागतो.

पुराव्याची अडचण नाही. २००६च्या ‘स्पार्कल’ चाचणीत ४,७३१ रुग्ण होते. सुमारे पाच वर्षांत प्लासिबोवर १३.१ टक्क्यांना पुन्हा स्ट्रोक झाला, ॲटॉर्वास्टॅटिन ८०वर ११.२ टक्क्यांना. फरक डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे. त्याच चाचणीत मेंदूतल्या रक्तस्रावाचे स्ट्रोक ॲटॉर्वास्टॅटिनवर ५५, प्लासिबोवर ३३ निघाले, आणि आपल्या मनात हा दुसरा आकडाच घट्ट बसला. भीती निराधार नाही. आधी रक्तस्राव झालेला, बीपी हाताबाहेर गेलेला रुग्ण असेल तर मीही थांबून विचार करतो. एएफचे रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, तेव्हा तिथे हात आखडला तर समजू शकतो. पण कॅरोटिड अरुंद झालेल्या माणसाला ‘एलडीएल नॉर्मल आहे’ म्हणून गोळी न देणं मला समजत नाही. आपण आकड्यावर उपचार करतो आहोत की धमनीवर?

खरं तर गोळी कोणाला मिळते हे पुष्कळदा वॉर्डच ठरवतो. छातीत दुखून आलेल्याला ती न विचारता मिळते. लकव्याच्या रुग्णाला राइल्स ट्यूब असते, सगळ्यांचं लक्ष गिळण्याकडे, फिजिओकडे, लघवीच्या नळीकडे. गोळी ‘नंतर बघू’मध्ये जाते. वय ऐंशीच्या पुढे असलं की आपणच मनात म्हणतो, आता कशाला. आणि दाखल असताना सुरू न झालेली गोळी बाहेर गावचा डॉक्टर सहसा सुरू करत नाही. मोठ्या दवाखान्याने दिली नाही म्हणजे काही कारण असेल, असं तो धरून चालतो.

मग अंगदुखी. ‘गोळी गरम पडते’ ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. सीपीके तपासा, डोस कमी करा, दुसरं स्टॅटिन देऊन बघा. पण २०२०च्या ‘सॅमसन’ अभ्यासात, दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्यांना प्लासिबोच्या महिन्यांतही जवळजवळ तेवढाच त्रास झाला होता, हेही त्यांना सांगा. सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आपल्या ओपीडीत नसतात, आणि अंगदुखीच्या तक्रारीइतकंच हेही गोळी बंद पडण्याचं कारण आहे.

माझ्या वॉर्डातली शेवटची वीस कार्डं मी नावं झाकून आणली आहेत, मागच्या टेबलावर ठेवली आहेत. चहा घेताना चाळा. ‘एक महिना’ अजून दोन-तीन ठिकाणी सापडेल.