संसाराचा जमाखर्च

संसार या विषयावर बोलावयास सांगितलें म्हणजे बोलणारा बहुधा दुसऱ्यांच्या संसाराविषयीं बोलतो. त्यांत सोय असते. दुसऱ्याच्या घरांतील चूक स्वच्छ दिसते, आणि तिच्यावर उपदेश करतांना आपला आवाज कांपत नाहीं. आज मी ती सोय घेणार नाहीं. जी हकीकत सांगावयाची आहे ती माझ्याच घरची आहे, आणि तिच्यांतील दोषी इसम मीच आहें. माझ्या पत्नीची या सांगण्याला संमति आहे. भाषणाचा मजकूर तिनेंच तपासला, आणि जेथें मीं स्वतःला फार हलक्या हातानें मारलें होतें अशा दोन ठिकाणीं समासांत खूण केली. त्या दोन्ही जागा मीं सुधारल्या आहेत.

माझा धंदा छापखान्याचा. पुण्यांत सदाशिव पेठेंत माझ्या वडिलांनीं तो घातला. खालीं छापखाना व वर बिऱ्हाड. दोन ट्रेडल, एक सिलिंडर यंत्र, तीन जुळारी, एक बाइंडर आणि शाईचा वास, एवढा त्याचा पसारा. १९७७ सालीं माझें लग्न झालें, १९७९ सालीं वडील वारले, आणि छापखाना मजकडे आला. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बारशाचीं आमंत्रणें, पावतीपुस्तकें आणि अधूनमधून एखाद्या प्रकाशकाचें पुस्तक, अशीं कामें असत. माझी पत्नी मराठी घेऊन पदवीधर झालेली. मुद्रितें तपासण्याचें काम तिनें आपण होऊन पत्करलें. दुसऱ्यांच्या बारशाच्या आमंत्रणांतील ऱ्हस्वदीर्घ ती वर्षानुवर्षें सुधारीत होती, आणि तिच्या स्वतःच्या घरीं पाळणा हालत नव्हता.

लग्नाला तीन वर्षें झालीं आणि विचारपूस सुरू झाली. मग डॉक्टर झाले. क्युरेटिंग झालें. गर्भनलिका मोकळ्या आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं आंत औषध सोडून क्ष-किरणांचें चित्र काढलें. त्या दिवशीं ती रिक्षांतून उतरली ती जिन्याचा कठडा धरूनच वर आली. सोळा सोमवार झाले. १९८३ सालीं त्र्यंबकेश्वरीं नारायण-नागबळीहि झाला, आणि त्या तीन दिवसांच्या विधीचा खर्च मीं कागदवाल्याला द्यावयाच्या रकमेंतून केला. शेजारीं डोहाळजेवण असलें म्हणजे हिला 'जरा मागाहून या' असा निरोप येई. कोणी दुष्टाव्यानें तसें करीत नसे. रीत म्हणून करीत. माझी आईहि मनाची वाईट नव्हती. परंतु एके दिवशीं जेवतांना, माझ्याकडे न पाहतां, ती म्हणाली, "आमच्या वेळीं अशा घरांत दुसरी करून आणीत." दुसरेपणाची ही वाट हिंदूंना मुंबई प्रांतांत १९४६ सालींच आणि सर्व देशांत १९५५ सालीं कायद्यानें बंद झाली होती. कायद्यानें वाट बंद होते. वाक्य घरांत राहतें. मीं हसून विषय बदलला. माझी पत्नी पाणी आणावयास आंत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाहीं.

आतां माझा भाग सांगतों. १९८१ सालीं, पहिल्याच भेटींत, डॉक्टरीणबाईंनीं एक चिठ्ठी माझ्यासाठीं लिहून दिली होती. पतीचीहि तपासणी करावी, असें तींत होतें. ही तपासणी अगदीं साधी. दोन-तीन दिवसांचा संयम पाळून वीर्याचा एक नमुना द्यावयाचा. सूक्ष्मदर्शकाखालीं शुक्रजंतूंची संख्या, चाल आणि आकार पाहतात. त्यांत सुई नाहीं, भूल नाहीं, खर्चहि थोडा. पत्नीच्या देहावर जें जें झालें, त्यांतील प्रत्येक गोष्ट याहून क्लेशाची होती. असें असून मीं ती चिठ्ठी घडी घालून छापखान्यांतील मेजाच्या खणांत टाकली आणि "सवड मिळाली कीं जातों" म्हणून सांगितलें. पुढें पांच वर्षें मला सवड मिळाली नाहीं.

त्याच खणांत दुसरेहि कागद सांठत होते. ऑफसेटची छपाई आतां लहान गिऱ्हाइकांच्याहि आटोक्यांत येऊं लागली होती. आमच्याकडे एकेक अक्षर हातानें जुळवावयाचें, चित्र हवें तर त्याचा ठसा करवून आणावयाचा. तेथें सगळें पान छायाचित्रासारखें एका पत्र्यावर उतरे आणि चार रंगांत छापून निघे. लग्नपत्रिकेवर रंगीत गणपति हवा असणारा माणूस माझ्याकडे कशाला येईल? मीं भाव पाडले. भाव पाडले तेव्हां काम आलें, पण नफा गेला. नफा गेला म्हणून कागद उधारीवर घेतला. उधारीचा कागद महाग पडतो, म्हणून पुढचें काम तोट्यांत गेलें. तो तोटा भरण्यासाठीं आणखी भाव पाडून आणखी काम घेतलें. लहान धंदा बहुधा असाच बुडतो, आणि बुडत असतां बाहेरून तो अतिशय गर्दीचा दिसतो. शेवटीं जुळाऱ्यांचे पगार थकले, तेव्हां "नवे खिळे घ्यावयाचे आहेत" असें सांगून मीं पत्नीच्या पाटल्या नेल्या आणि पतपेढींत गहाण ठेवल्या. नवे खिळे कधींच आले नाहींत. तिनें विचारलें तर "ठीक चाललें आहे" हें माझें उत्तर ठरलेलें होतें.

१९८६ च्या ऑगस्टच्या ६ तारखेस मुंबईस के. ई. एम. रुग्णालयांत, डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनीं, शरीराबाहेर फलित केलेल्या बीजापासून एक मुलगी जन्मास आली. असें पहिलें मूल इंग्लंडांत १९७८ च्या जुलैंत झालें होतें; त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनींहि तें साधलें, परंतु त्यांच्या हयातींत त्यांना मान्यता मिळाली नाहीं. मुंबईची वार्ता वर्तमानपत्रांत आली त्या दिवशीं पत्नीनें ती कापून ठेवली. मुंबईस दाखवावयाचें तर आपले जुने कागद हवेत, म्हणून ते शोधावयास ती खालीं छापखान्यांत आली. मी वसुलीला गेलों होतों. तिनें खण उघडला.

मी परतलों तेव्हां तिनें ते सगळे कागद मेजावर तारीखवार लावून ठेवले होते. सर्वांत वर पांच वर्षांपूर्वींची ती चिठ्ठी. खालीं कागदवाल्याचीं तगाद्याचीं पत्रें. आणि तळाशीं पाटल्यांच्या लिलावाविषयीं पतपेढीची नोटीस. तिनें आवाज चढविला नाहीं. ती म्हणाली, "मूल नाहीं याचें दुःख मीं वांटून घेतलें असतें. कर्जाचेंहि घेतलें असतें. तुम्हीं मला त्या दोहोंतला कांहींच वांटा दिला नाहीं. दोष तेवढा दिलात."

श्रोते हो, या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. आठ दिवस ती माझ्याशीं कामापुरतें बोलली. नवव्या दिवशीं मी तपासणीला गेलों. शुक्रजंतूंची संख्या अत्यंत अल्प निघाली. पत्नीच्या तपासण्यांत तोंवर एकहि दोष सांपडलेला नव्हता.

मी इतकीं वर्षें कां गेलों नाहीं? मला कळून घ्यावयाचें नव्हतें, हेंच खरें उत्तर. आमच्या बोलण्यांत स्त्रीला वांझ म्हणतात. पुरुष निपुत्रिक असतो. त्या शब्दांत दोष येत नाहीं, दैव येतें. या शब्दाच्या आडोशाला मी उभा होतों. वस्तुस्थिति अशी कीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें दर सहा प्रौढ माणसांत सुमारें एकाला आयुष्यांत केव्हांतरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. आणि अशा जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा, एकट्याचा अथवा जोडीनें, वांटा असतो. आमच्याच पुण्यांत जोतीराव फुल्यांना मूल नव्हतें. संततीसाठीं दुसरें लग्न करण्याचा आग्रह त्यांनीं मानला नाहीं, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाई व ते, दोघांनीं यशवंताला दत्तक घेतलें. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनीं, शिकलेल्या, पुस्तकें छापणाऱ्या माणसानें एक चिठ्ठी खणांत लपवावी, हें मला अधिक लाजेचें वाटतें.

त्या संध्याकाळीं मीं दोन गोष्टी केल्या. प्रथम आईला, पत्नीच्या समक्ष, तपासणीचा निकाल सांगितला. आई कांहीं बोलली नाहीं. परंतु पुढच्या महिन्यांत शेजारची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली, तेव्हां आईनें ताट सुनेच्या हातांत दिलें आणि म्हणाली, "ओटी तूं भर." क्षमा मागण्याची तिची ती रीत होती, आणि माझ्या पत्नीनें ती ओळखली.

दुसरी गोष्ट म्हणजे मीं सगळ्या वह्या तिच्यापुढें ठेवल्या. तिनें एका बाजूस देणें लिहिलें, एका बाजूस येणें. देणें एकतीस हजार निघालें. पण लोकांकडून येणें चौदा हजार आहे, हें मीं कधीं मांडूनच पाहिलें नव्हतें. घाबरलेला माणूस हिशेब करीत नाहीं. सिलिंडर यंत्र विकलें. पुस्तकी कामाचे खिळे धातूच्या भावानें, वजनावर दिले; वडिलांनीं निवडून घेतलेले ते टाईप तराजूंत पडतांना पाहवले नाहींत. उधारीवर काम घेणें बंद केलें. पावतीपुस्तकें आणि पत्रिका एवढेंच ठेवलें. १९९१ सालीं संगणक घेतला, आणि देवनागरी अक्षरजुळणी पत्नी शिकली. मी शिकलों नाहीं. मी तिच्या मागें उभा राहून मुद्रितें वाचतों. धंदा मोठा झाला नाहीं, पण उभा राहिला.

मुलाचें काय झालें, हें आपण विचाराल. मूल झालें नाहीं. दोन वर्षें औषधें घेतलीं. एकच शुक्रजंतु स्त्रीबीजांत सोडण्याची युक्ति जगांत १९९२ सालीं सफल झाली. ती आमच्या आटोक्यांत येईपर्यंत वय व पुंजी दोन्हीं उतरणीला लागलीं होतीं. दत्तकाचा विचार झाला. १९५६ च्या कायद्यानें पतीला दत्तक घेण्यास पत्नीची संमति लागते, परंतु या वेळीं कायद्यासाठीं विचारावें लागलें नाहीं. ती म्हणाली, "आधीं पाटल्या सुटूं द्या, मग पाहूं." पाटल्या १९९० सालीं सुटल्या. तोंवर दोघांचें घर हेंहि घर असतें, असें आम्हां दोघांच्याहि मनानें घेतलें होतें.

ज्या तरुण घरांत आज हीच काळजी असेल, त्यांना मी दोनच गोष्टी सांगतों. वर्षभरांत मूल राहिलें नाहीं तर दोघांनीं एकाच दिवशीं, एकाच डॉक्टरकडे जावें, आणि तपासणी प्रथम पतीनें करून घ्यावी. ती सोपी आहे म्हणून, आणि पुढें पत्नीला फुकट सोसावें लागूं नये म्हणून. शरीराबाहेरील फलनाचा उपचार घ्यावयाचा झाला तर २०२१ च्या कायद्याप्रमाणें नोंदलेलेंच केंद्र पाहावें. दुसरी गोष्ट, घरांतील देणेंयेणें दोघांना ठाऊक असावें. कर्जापेक्षां लपविलेल्या कर्जाचें व्याज जड असतें.

तें मेज आमच्याकडे अजून आहे. त्याच्या खणाचें कुलूप मीं त्याच वर्षीं काढून टाकलें. आंत आतां एकच वही असते. महिन्याच्या पहिल्या रविवारीं, सकाळचा चहा झाला कीं, आम्ही ती उघडतों. एका पानावर तिचें अक्षर असतें, एका पानावर माझें. आणि बेरीज दोघांनीं करून पाहिल्याशिवाय वही मिटत नाहीं.