रिकाम्या वाद्यवृंदाची साथ

गाण्याची हौस आहे, परंतु साथीदार नाहीत, अशा माणसाची कुचंबणा आपल्या परिचयाची आहे. पेटीवाला मिळाला तर तबलजी मिळत नाही; दोघे मिळाले तर त्यांची बिदागी परवडत नाही. अखेर उरते ती न्हाणीघरातील गायकी. या कुचंबणेवर जपानने काढलेला तोडगा म्हणजे कराओके. ‘कारा’ म्हणजे रिकामा, आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे जपानी उच्चारातील तोडके रूप. वादकांची जागा रिकामी. साथ मात्र हजर.

टोकिओच्या शिगेइची नेगिशी यांनी १९६७ मध्ये असे एक यंत्र बनविले होते. तथापि अधिक सांगितली जाते ती कोबे शहरातील दाइसुके इनोउए यांची हकीकत. ते मद्यालयात गाणाऱ्या गिऱ्हाइकांना साथ करीत. एका कारखानदाराला प्रवासातही त्यांचीच साथ हवी होती. त्यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी ती ध्वनिफितीवर भरून दिली. १९७१ मध्ये त्यांनी अकरा यंत्रे तयार करवून भाड्याने दिली. पेटंट मात्र घेतले नाही. पुढे २००४ मध्ये त्यांना ‘इग नोबेल’ हे थट्टेचे शांतता पारितोषिक मिळाले. माणसांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखविल्याबद्दल! बेसूर शेजारी लाभलेल्या कोणालाही हा गौरव यथोचित वाटेल.

प्रारंभी गावे लागे ते मद्यालयात, परक्यांच्या देखत. १९८० नंतरच्या दशकात ओकायामा भागात जुन्या मालवाहू लोखंडी पेट्यांत गाण्याच्या खोल्या थाटल्या गेल्या आणि चित्र पालटले. ज्या देशात घरे लहान आणि भिंती पातळ, तेथे मोकळ्या गळ्याने गाण्यासाठी चार भिंती भाड्याने मिळू लागल्या. आज स्थानकांच्या आसपास अशा खोल्यांच्या इमारतीच्या इमारती आहेत.

परदेशी पाहुणा झगमगते फलक पाहून खिसा चाचपतो. त्याची भीती अगदीच निराधार नाही, परंतु खर्चाचे रहस्य घड्याळात आहे. भाडे बहुधा दर अर्ध्या तासाला आणि दर माणशी असते. कचेऱ्या सुटल्यावर गर्दी होते, तेव्हा भाव चढतो. सुटीच्या आदल्या रात्री तो सर्वांत चढा. उलट कामाच्या दिवशी दुपारी खोल्या ओस पडतात आणि मालक भाडे उतरवतो. ‘फ्री टाइम’ नावाची सोय त्याच वेळी घ्यावी. एकदाच पैसे भरून कित्येक तास गाता येते, आणि खर्च रामेनच्या एका वाडग्याच्या आसपास बसतो. मात्र फलकावरील मोठा आकडा पुष्कळदा सभासदांपुरता असतो. शिवाय एखादे पेय घेणे सक्तीचे आहे काय, हे आधीच विचारावे. ‘मानेकीनेको’सारख्या ठिकाणी बाहेरचे खाद्यपदार्थही नेऊ देतात, काटकसरी प्रवाशाला हे वरदानच.

मध्यरात्रीच्या सुमारास शेवटची आगगाडी निघून गेली की तीच खोली धर्मशाळा होते. रात्रीचे भाडे दुपारपेक्षा अधिक, तरी हॉटेलपेक्षा बहुधा कमीच. पहिल्या गाडीची वाट पाहत बाकावर पेंगणारे पुष्कळ.

एकट्याने जाण्यात तेथे संकोच नाही. त्याला ‘हितोकारा’ असे स्वतंत्र नावच आहे. गाणे निवडण्याची पाटी बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही बोलते, आणि इंग्रजी गाणी विपुल असतात. मराठी गीताची अपेक्षा धरू नये. पण म्हणून मराठी पाहुण्याने हिरमुसण्याचे कारण नाही. कित्येक जपानी माणसे यंत्राकडे न पाहता या खोल्यांत आपापल्या वाद्यांचा सराव करतात. महिनोन्‌महिने परमुलखात राहून ज्याच्या ओठांवर एखादे भावगीत घुटमळत असेल, त्याने यंत्राचा आवाज खुशाल बंद करावा, हातात ध्वनिक्षेपक घ्यावा आणि गावे. त्याचे शब्द तेथे कोणाला कळणार नाहीत. चुकलेला अंतराही कोणाच्या ध्यानात येणार नाही.

मुदत संपण्यापूर्वी सुमारे दहा मिनिटे भिंतीवरचा दूरध्वनी खणखणतो. पलीकडचे सौजन्यपूर्ण जपानी वाक्य समजले नाही तरी चालते. ‘एन्चो’, म्हणजे मुदतवाढ, एवढा एक शब्द पाठ असला की पुरे. दुपारची वेळ असेल आणि बाहेर कोणी ताटकळत नसेल, तर आणखी अर्धा तास सहसा नाकारला जात नाही.