आतड्याच्या कर्करोगाची वाटचाल

मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरातील पेशी चार-पाच दिवसांत झडून त्यांची जागा नव्या पेशी घेतात, आणि हा अखंड कारभार जनुकांच्या हुकमतीखाली चालतो; त्या हुकमतीत कसूर होऊ लागली, की कर्करोगाचा पाया घातला जातो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे एरिक फिअरन व बर्ट व्होगेलस्टीन यांनी १९९० साली असे प्रतिपादन केले, की हा रोग एकाएकी उद्भवत नसून जनुकांतील दोष साचत गेल्याने पायरीपायरीने वाढतो. बहुधा प्रथम वाढीस आवर घालणारे एपीसी जनुक निकामी होऊन अस्तरावर लहानसा, निरुपद्रवी कोंब, म्हणजे पॉलिप, उगवतो; पुढे केरास जनुक बिघडून विभाजनाची आज्ञा सुटतच राहते, तेव्हा कोंब मोठा होतो, पेशींची केंद्रे फुगून गडद दिसतात आणि त्यांची शिस्तबद्ध मांडणी विस्कटते; आणि अखेरीस, सदोष पेशीला रोखणारे पी-५३ जनुकही नष्ट झाले, म्हणजे त्या पेशी खालचे थर भेदून लसिकाग्रंथींत व रक्तावाटे यकृतात पोहोचतात. प्रत्येक रुग्णात हाच अनुक्रम असतो असे नव्हे. परंतु या वाटचालीस बहुधा दहा-एक वर्षे लागतात, आणि तेवढ्या मुदतीत दुर्बिणीने तपासून कोंब काढून टाकला, तर पुढील अनर्थ टाळता येतो. म्हणून शौचावाटे रक्त गेल्यास ते मूळव्याधीचेच असे गृहीत न धरता, आणि कुटुंबात हा रोग झाला असल्यास लक्षणांची वाट न पाहता, वेळीच वैद्यकीय सल्ला घ्यावा, ही आपणांस कळकळीची विनंती.