निघण्याआधीचा निरोप



अंबाजोगाईचं एसटी स्टँड.
परदेशी शिकायला निघालेल्या मुलीभोवती मैत्रिणींचा गराडा पडतो.
कुणी धपाटे बांधून देते,
कुणी शेंगदाण्याची चटणी.

आनंदीबाई जोशींचा निरोप मात्र भर सभेत झाला.

साल १८८३, महिना फेब्रुवारी.
बंगालमधलं श्रीरामपूर कॉलेज.
आनंदीबाईंना अठरावं सरत आलेलं.

अमेरिकेला कशाला? एकटीच का?
लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले.
आणि उत्तरंही दिली.

हो, निरोप घेतानाच उत्तरं दिली!
देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, हे ठासून सांगितलं.

एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोट सुटली.
पती गोपाळराव मागे राहिले.

१८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या.
पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.