किती क्लिक कडक?

मी भिलाईहून बोलतोय. आमचं घर मूळचं विदर्भातलं. बाबा इथल्या पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये होते, त्यामुळे आम्ही भावंडं सेक्टरच्या क्वार्टरमध्येच वाढलो. आजचा विषय आहे माझी सेकंडहँड दोन सीटांची झेड-फोर आणि तिला मी बाहेरून घेऊन बसवलेले ॲडजस्टेबल शॉकॲब्सॉर्बर. इकडचे मिस्त्री त्यांना शॉकर म्हणतात, महाराष्ट्रात शॉकअप. मी शॉकअपच म्हणतो.

प्रत्येक शॉकअपवर एक छोटी फिरकी असते. घड्याळाच्या दिशेने फिरवली की कडक, उलटी फिरवली की मऊ. माझ्या सेटला एकूण तीस क्लिक आहेत. बसवले त्या दिवशी मी काय केलं असेल? चारही फिरक्या शेवटपर्यंत कडक! स्पोर्ट्स कार आहे ना.

सिव्हिक सेंटरला दोन चकरा मारल्या. झकास वाटलं. वळताना गाडी झुकेना, ब्रेक मारला तरी नाक खाली जाईना. मग बाबांना बसवलं. त्यांना पाठीचा जुना त्रास आहे. सुपेला यायच्या आत म्हणाले, "काय रे, गाडी रस्त्यावरून चालली का रस्त्याच्या वरून?" मी हसण्यावारी नेलं.

पावसाळा लागला. दुर्गहून परत येताना जीई रोडवर एका ठिकाणी ट्रकांच्या वजनाने डांबराला लाटा आल्या होत्या. पाऊस भुरभुरत होता, वेग साठच्याही आत. हलकं वळण घेताना ॲक्सिलरेटर जरा दाबला आणि गाडीचा मागचा भाग बाजूला सरकला. शेजारी भरलेला ट्रक. स्टिअरिंग सावरलं, वाचलो. बाबा शेजारीच होते. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "नीट होईपर्यंत मी बसत नाही."

आता झालं काय होतं ते सांगतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. शॉकअपचं काम स्प्रिंगला आवरायचं. आत तेल असतं, पिस्टनला बारीक वाटा असतात, त्यातून तेल रेटलं जातं आणि हालचालीची उष्णता होते. बाबांना हे समजावावं लागलं नाही. रेल्वेच्या डब्यांनाही तेलाचे डॅम्पर असतात. (आपल्याकडे शॉकअप बनवणारी गॅब्रियल 1961 साली मुंबईत सुरू झाली, हे मात्र मी त्यांना सांगितलं.)

माझी फिरकी मुख्यतः रिबाउंड बदलते, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडायचा वेग. तो फारच आवळला, तर चाक उंचवट्यावर चढतं पण पुढच्या खळग्यात वेळेत खाली उतरत नाही. तोवर दुसरा उंचवटा येतो. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि टायर रस्त्याला जेमतेम टेकलेला राहतो. झेड-फोरला इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर. ओल्या रस्त्यावर, टेकल्या न टेकल्या चाकाला मी जोर दिला. सरकणारच.

आकड्यात सांगतो. अशा गाडीची बॉडी सेकंदाला दीड-दोन वेळा हलते, चाक मात्र दहा ते पंधरा वेळा उडू शकतं. रस्त्यावरचे पट्टे मीटरभर अंतरावर असले आणि तुम्ही ताशी 36 किलोमीटरने जात असलात, तर चाकाला सेकंदाला बरोबर दहा ठोके बसतात. बॉडी स्थिर वाटते म्हणून आपण खूश, आणि खाली चाक नाचतंय.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. आधी टायर, तेही सकाळी थंड असताना. बघतो तर हवा भरणाऱ्याने चारही चाकांत 40 भरून ठेवलेली! दारावरच्या स्टिकरप्रमाणे केली. त्यात माझे रनफ्लॅट, त्यांच्या बाजू आधीच जाड आणि ताठ. निम्मा कडकपणा इथेच होता आणि मी खापर रस्त्यावर फोडत होतो.

त्यानंतर फिरक्या. पूर्ण कडकपर्यंत हलक्या हाताने न्यायची, जोर लावायचा नाही, आणि तिथून मागे क्लिक मोजायचे. डावं-उजवं सारखंच. एका वेळी पुढचं नाहीतर मागचं, दोन्ही एकदम नाही. तीन-तीन क्लिक सोडत जायचं, तोच रस्ता, तोच वेग, आणि वहीत लिहायचं. लिहिलं नाही तर चौथ्या फेरीला आपण स्वतःलाच फसवतो, माझं झालंय.

वळणात गाडी पुढून सरळच जाऊ पाहत असेल तर पुढचे थोडे मऊ करा. मागून सरकत असेल तर मागचे. स्पीडब्रेकरनंतर दोनतीनदा हेलकावे खात असेल तर जास्त मऊ झालं, परत या. आणि शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसलं तर फिरकीला हात लावू नका, मिस्त्रीकडे जा.

माझं सध्या पुढे अठरा आणि मागे वीस क्लिक मऊ आहे. सिव्हिक सेंटरला आता गाडी थोडी झुकते. झुकू दे. लाटांच्या त्या वळणावरून मात्र एकटाच सहा वेळा गेलो, त्यातला दोनदा पावसात. मागचा भाग जागचा हलला नाही.

मागच्या रविवारी बाबा बसले. कुम्हारीपर्यंत जाऊन आलो. उतरताना म्हणाले, "मागचा अजून एक क्लिक सोड." मी दोन सोडले.