देवळाच्या खोलीत थाटलेला संसार



जीर्णोद्धाराचा विषय निघाला की पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची आठवण होणे साहजिक आहे. १९७५ साली किसन बाबूराव तथा अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन या गावी राहायला आले. पाऊस वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. विहिरी आटलेल्या, पुष्कळांचे पोट बाहेरगावच्या मजुरीवर, आणि गावात दारूच्या भट्ट्या. यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा या भट्ट्यांखाली जळाले होते!

अण्णांनी नोकरीतून मिळालेले सुमारे २०,००० रुपये देवळाला लावले. त्या काळी एवढ्या पैशात सैनिकाने खुशाल घर बांधले असते. अण्णांनी देवळाच्याच खोलीत अंथरूण टाकले. पावती फाडून घेणारे देणगीदार गावोगाव भेटतात; देणगी देऊन तिथेच मुक्काम करणारा विरळा. ते पाहून लोकही श्रमदानाला उतरले.

देऊळ उभे राहिले, तरी शिवार कोरडेच होते. मग गळका पाझर तलाव दुरुस्त झाला. नाल्यांना बांध पडले, उतारावर चर खणले, झाडे लावली, मोकाट चराईला बंदी आली. वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरले व विहिरींना उतरले. जिथे एका पिकाची भ्रांत होती, तिथे दुसरे पीक निघू लागले. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्यांना आता आपल्याच रानात काम होते.